नानांचा कायम पत्ता

आमच्या शेजारच्या नाना केळकरांनी घरातल्या इंटरनेटच्या डब्यावर ऑइलपेंटने स्वतःचा पत्ता लिहिला होता. नाव, आळी, रत्नागिरी, पिनकोडसकट. "हा रोज पत्ता बदलतो म्हणे," ते म्हणाले. "आता बदलून दाखव म्हणावं."

नाना जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की आधी तो डबाच डोळ्यांपुढे येतो आणि हसू येतं. हे बरं नव्हे. पण नानांना ते चाललं असतं.

त्यांची सगळी नोकरी भूमापन खात्यात झाली. निवृत्तीनंतरही जगाकडे ते मोजणीदाराच्याच नजरेने बघत. पंगतीत शेजाऱ्याचं पान आपल्याकडे सरकलं तर "हद्द कायम करा" म्हणत. माझ्या जास्वंदीची फांदी गडग्यावरून पलीकडे गेली की सकाळी हाक यायची, "मास्तर, तुमचं अतिक्रमण फुललंय. पूजेला चार घेतली."

काकू गेल्यावर नाना एकटेच राहत. एकदा विहिरीच्या पायरीवर घसरले, गुडघा भोपळ्याएवढा सुजला, आणि पुण्याच्या लेकीला, सुनंदाला, ते कळलं दुसऱ्याच कोणाकडून तरी. कारण फोनवर नाना म्हणजे तार. "बरा आहे. तू? बरं. ठेव." सुनंदा आली, तिने ओटीवर, मागच्या पडवीत आणि विहिरीपाशी कॅमेरे बसवून घेतले आणि बजावलं, "पुण्यात माझ्या कॉम्प्युटरवर तुम्ही दिसलात तर खुशाल इथे राहा. दिसला नाहीत तर गाडी घेऊन न्यायला येईन."

पुण्याची नानांना धास्ती होती. "तिसऱ्या मजल्यावर राहतात हो! खालची जमीन नक्की कोणाची, एकालाही सांगता येत नाही."

कॅमेरे छान चालले होते. मग केबलवाल्या सुर्व्यांच्या आग्रहाला बळी पडून नानांनी जुनं इंटरनेट सोडून त्यांचं घेतलं, आणि घोटाळा सुरू झाला. घरच्या टीव्हीवर चित्र लख्ख. पुण्यात काळा पडदा.

सुर्वे आले. "नाना, नव्या डब्यात एक दार उघडायला लागतंय. बाहेरून येणाऱ्याला कॅमेऱ्यापर्यंत वाट पायजे."

"उघड की! माझी पुढची-मागची दारं दिवसभर सताड उघडी असतात. चोरसुद्धा संकोचून येत नाहीत."

दार उघडलं, पुण्यात चित्र दिसलं. दुपारी लोडशेडिंग झालं. वीज परत आली, पण पुण्याचं चित्र गेलं ते गेलंच. पुन्हा सुर्वे, पुन्हा चित्र, पुन्हा लोडशेडिंग, पुन्हा काळा पडदा. शेवटी सुनंदाचा मला फोन आला, "दादा, बाबांना सांगा, शनिवारपर्यंत नीट दिसले नाहीत तर मी निघते."

सुर्व्यांनी डोकं खाजवलं. "घोळ पत्त्याचा आहे. इंटरनेटवर प्रत्येक डब्याला आकड्यांचा एक पत्ता असतो. वीज गेली, डबा बंद पडला, की तुमचा पत्ता जातो दुसऱ्याला. डबा चालू झाला की तुम्हाला मिळतो तिसऱ्याचा. ताई तुम्हाला जुन्याच पत्त्यावर शोधतायत."

ऑइलपेंटचा डबा निघाला तो त्याच दिवशी. त्याने काही फरक पडेना, तेव्हा नानांनी सुर्व्यांकडून सगळं पहिल्यापासून समजून घेतलं आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, म्हणजे सामायिक सातबारा! नावं सतरा, आणि कोण कुठला तुकडा कसतोय याचा पत्ता नाही! मग सरळ सांग ना. वाटप कर. माझा हिस्सा वेगळा काढ."

"कायम पत्ता होय? मिळतो तसा. पण वरून मागवावा लागतो."

"वरून म्हणजे? कलेक्टर?"

"कोल्हापूर."

दुसऱ्या दिवसापासून नाना छत्री घेऊन सुर्व्यांच्या दुकानात जाऊन बसू लागले. येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगत, "चालू द्या तुमचं. मी आपला वाटपासाठी बसलोय." सुर्व्यांची बायको चहा देऊन देऊन दमली. शुक्रवारी सुर्वे स्वतःच कायम पत्ता घेऊन आमच्या आळीत आले. मलाही नानांनी साक्षीदार म्हणून बोलावलं.

सुर्व्यांनी आकडे भरले. डबा दोनदा बंद करून चालू केला. पत्ता हलला नाही. "मधल्या दिवसांचं रेकॉर्डिंग झालंय ना, तेवढं बघतो," म्हणत त्यांनी ओटीवरच्या कॅमेऱ्याचं जुनं चित्र टीव्हीवर लावलं. नाना चहा करायला आत गेले होते.

संध्याकाळची ओटी. नाना इस्त्रीचा सदरा घालून कॅमेऱ्यासमोर उभे होते आणि बोलत होते. हातवारे करत, अंगणाकडे बोट दाखवत, मध्येच हसत. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बोलायला लागले. सुर्व्यांनी पुढचा दिवस लावला. तेच. त्याच्या पुढचा लावला. तेच. त्यातल्या एकाही दिवशी पुण्यात चित्र दिसत नव्हतं.

नाना चहा घेऊन आले. टीव्हीकडे बघून जागीच थबकले.

"नाना," सुर्वे हळूच म्हणाले, "ह्या कॅमेऱ्यांत आवाज जात नाय हो."

"ठाऊक आहे," नाना म्हणाले आणि कपबशी त्यांच्यापुढे केली. "साखर बघ पुरेशी आहे का."

संध्याकाळी सुनंदाचा फोन आला. चित्र आलं होतं. शनिवारचं निघणं रद्द. मी म्हटलं, "आता आवाजाचे कॅमेरेही मिळतात. सुर्व्यांना एक बसवायला सांगू का?"

"नको हो दादा!" ती घाईने म्हणाली. "मला ऐकू येतं म्हटल्यावर ते बोलायचेच नाहीत." मग म्हणाली, "थोडं थोडं कळायला लागलंय मला. आत्ता पडवळाचं काहीतरी चाललं होतं. हाताने एवढी लांबी दाखवत होते म्हणजे पडवळच. आणि आईचं नाव घेतात ना, ते मात्र ओठांवरून पहिल्या दिवसापासून ओळखू येतं."