मागे उभी राहणारी घोडी

घड्याळजींनी चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरली, तेवढ्यात खांद्यावरून ऊन श्वास आला आणि डोळ्याच्या भिंगावर वाफ धरली. दुकानात ते एकटेच होते. समोरच्या घड्याळाच्या काचेत एक भला मोठा काळा डोळा दिसला. तो त्यांच्याकडेच बघत होता. स्प्रिंग उडाली ती कायमची.

खिडकीतून मान आत घालून करडी घोडी उभी होती. दहा वर्षांच्या लेकीसाठी तिला आणून चारच दिवस झाले होते. घोडी गरीब हवी, ही अट घड्याळजींचीच. घोडेस्वारीची शाळा बंद करून बसलेले मास्तर म्हणाले होते, "हिच्याइतकं गरीब जनावर शोधून मिळायचं नाही. लाथ नाही, चावा नाही. आवाजसुद्धा नाही."

हा शेवटचा गुणच आता जिवावर उठला होता. ओठांनी तबेल्याची कडी सरकवून ती कधी बाहेर पडायची ते कळत नसे. घड्याळजी दाढी करताना आरशात त्यांच्या चेहऱ्यामागे तिचा चेहरा असे. लेक पाठीवर बसली, की घोडी तीन पावलं नीट चाले आणि वळून घड्याळजींसमोर येऊन थांबे.

"बाबा, तुम्ही घरात जा ना."

ते घरात गेले, दार लावून घेतलं. थोड्या वेळाने दारावर काहीतरी हलकेच टेकलं. लेकीला पाठीवर घेऊन घोडी पायऱ्या चढून आली होती आणि कपाळाने दार लोटत होती.

"जनावरांना आधी कळतं म्हणतात," शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले.

"काय कळतं?"

"ते काही मी बोलत नाही."

घड्याळजी तडक डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब पाहिला. "ठणठणीत आहात," असं म्हणत त्यांनी मान वर केली. खिडकीत घोडी होती. डॉक्टर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा एकदा झोपा बरं."

घड्याळजींची बायको शाळेत कवायत शिकवायची. तिच्या एका हाकेसरशी चारशे मुलं ताठ उभी राहत. तिने सरळ मास्तरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा त्याचा आवाज मोठा केला.

"अहो, तिचं कामच होतं ते," मास्तर म्हणाले. "नव्या पोरांत सगळ्यात घाबरलेलं जे असेल, त्याच्यापाशी जाऊन उभं राहायचं. भीती गेल्याशिवाय हलत नाही ती."

बायकोने आणि लेकीने घड्याळजींकडे पाहिलं.

"मी कशाला घाबरू?" घड्याळजी म्हणाले.

घोडी एक पाऊल जवळ आली.

मग त्यांनी रोज तिला खरारा केला. आधी हातभर लांबून, मग जवळून. आठव्या दिवशी लेकीने दोर धरला आणि घड्याळजी डोळे मिटून घोडीच्या पाठीवर बसले. दुसऱ्या फेरीला त्यांनी डोळे उघडले. घोडीने लांब श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी आरशात त्यांचा एकट्याचाच चेहरा होता. त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. लेक आज पहिल्यांदाच एकटी नदीच्या वळणापर्यंत जाणार होती, आणि घोडी तबेल्यात नव्हती.

ती स्वयंपाकघराच्या खिडकीत सापडली. आत बायको तिच्याकडे पाठ करून एकच ताट पुन्हा पुन्हा पुसत होती.

"हिला न्या इथून," मागे न बघता ती म्हणाली. "मला काही झालेलं नाही."

घोडी हलली नाही. घड्याळजींनी दुसरं फडकं घेतलं, एक कोरडंच ताट उचललं आणि बायकोच्या शेजारी उभे राहून पुसू लागले.

अंगणात लेक खोगीर धरून ताटकळत होती. "अजून किती वेळ?" तिने विचारलं.

"थांब थोडी," घड्याळजी म्हणाले. "आईचं आवरू दे."