साध्या पाण्याच्या सहा कुंड्या

ग्रंथपालांना एक पत्र गेल्या उन्हाळ्यापासून छळत होतं. एका मळेवाल्या बाईंचं. टोमॅटोची फुलं कडक उन्हात गळतात, त्यावर संजीवक, म्हणजे फूल टिकवणारं औषध, फवारावं, असा लेख ग्रंथपालांनी लिहिला होता. बाईंनी विचारलं होतं, "हे तुम्ही स्वतः करून पाहिलंय का? हो म्हणालात तर अर्ध्या मळ्यावर मारते." खरं उत्तर 'नाही' होतं, म्हणून ते गेलंच नाही. लेख चौदा पुस्तकं चाळून झाला होता. टोमॅटोशी त्यांचा संबंध ताटापुरता.

या उन्हाळ्यात बाईंचं कार्ड आलं. रोपं फुलावर आलीत, अजून वाट पाहतेय. ग्रंथपाल बायकोपुढे जाऊन उभे राहिले आणि गच्चीवरच्या तिच्या टोमॅटोच्या बारा कुंड्या मागितल्या. सहांना संजीवक, सहांना साधं पाणी.

"एकाच घरात असा दुजाभाव?" बायको म्हणाली.

"तुलनेसाठी लागतं. शास्त्र आहे ते."

"शास्त्राला पोरंबाळं नसणार."

मात्रा त्यांनी चार वेळा वाचली, थेंब मोजून पाण्यात घातले. अडचण एकच होती, समोरच्या गच्चीवरचा शिंपी. हातात पंप बघून तो काहीतरी विचारणार आणि आपल्याला बोलावं लागणार. म्हणून ग्रंथपालांनी, तिकडे कुणी फिरकत नाही अशी, भर दुपारची वेळ धरली. आठवड्याच्या अंतराने दोनदा, डोक्यावर ओला टॉवेल टाकून त्यांनी बाराही कुंड्यांची फवारणी उरकली.

पुढच्या पंधरवड्यात निकाल लागला. संजीवकाच्या कुंड्यांत पानं करपलेली, फुलांचा जमिनीवर सडा. साध्या पाण्याच्या कुंड्यांत मात्र फुलं टिकलेली, खाली वाटाण्याएवढी फळं धरलेली. ग्रंथपाल थरारले. लेख खोटा ठरला होता, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शोध लागला होता! लाजबीज विसरून त्यांनी शिंप्याला आपणहून हाक मारली. दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला अख्खी गल्ली आपापल्या रोपांवर साधं पाणी फवारत होती.

ग्रंथपाल बाईंना पत्र लिहून मोकळे झाले. औषधाला हात लावू नका, दुपारी नुसतं पाणी मारा. पाकीट चिकटवून ते चपला घालू लागले, तेव्हा बायकोने कुठे निघालात म्हणून विचारलं. त्यांनी शोध सांगितला. ती पदराशी चाळा करू लागली.

"अहो, दोन्ही वेळा तुमच्या बाटलीत कालवलेलं औषध उरलं होतं."

"मग?"

"ऊन उतरल्यावर त्या पाण्याच्या सहांनाही मारलं मी. त्यांनी काय घोडं मारलं होतं?"

ग्रंथपाल एक चप्पल घालून तसेच खाली बसले. औषधाविना अख्ख्या मळ्याची फुलं डोळ्यांपुढे गळून पडली. मग चेहरा हळूहळू उजळत गेला. लेख बरोबर होता. चुकले होते फक्त ते स्वतः, आणि त्याची त्यांना सवय होती.

त्यांनी पाकीट फाडलं, शिंप्याला खरं काय ते सांगून आले आणि नवं पत्र लिहिलं. "करून पाहिलं. माझ्या हातून जळालं, बायकोच्या हातून जगलं. मात्रा लेखातलीच, पण ऊन उतरल्यावर. दुपारी मुळीच नको. आधी चार रोपांवर मारून बघा, मग मळ्यावर." खाली बायकोचीही सही घेतली.

आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही असं पाहून, भर दुपारी, डोक्यावर ओला टॉवेल टाकून ते पत्र पेटीत टाकून आले.