फक्कीच्या भिंती

तात्यांच्या नव्या घरात भिंतीतून गेलेलं त्यांना खपत नसे. भिंती अजून उभ्याच राहायच्या होत्या, जमिनीवर नुसत्या चुन्याच्या फक्कीच्या रेघा होत्या, ही गोष्ट वेगळी. मी एकदा बेसावधपणे रेघ ओलांडली, तर म्हणाले, "मास्तर, स्वयंपाकघराची भिंत फोडलीत. दार तिकडे आहे." मी निमूटपणे मागे फिरून दारातून आलो.

तात्या लोणावळ्याला रेल्वेत नकाशे काढत. मी त्यांचा शेजारी. पावसाळ्याआधी त्यांची नोकरी संपून क्वार्टर सुटणार होतं, म्हणून वलवणच्या वाटेवर घर. ध्यास असा की जेवताना पिठल्यातसुद्धा जिना काढून दाखवत. छपराचा उतार ठरवायला त्यांनी पत्रा तिरका धरून त्यावर घागरी ओतल्या. पत्रा अर्थात मी धरला होता. नखशिखांत भिजलो, पण तात्यांचा चेहरा बघून मलाही चेव चढला आणि मीच म्हटलं, "आणखी एक घागर होऊ द्या."

भांडण एकाच गोष्टीवरून. वडिवळ्याचा सखाराम गवंडी रोज विचारी, "तात्या, चूल हितं अंधारात कशापायी? पल्याड लय उजेड हाय."

"नकाशा म्हणजे नकाशा, सखाराम."

नकाशा हुबेहूब क्वार्टरचा होता. ज्याला वीस वर्षं 'खुराडं' म्हणाले, तेच पुन्हा बांधत होते. मी यथेच्छ चिडवलं. तात्या पेन्सिलीला टोक करत बसले.

पाया खणायच्या आदल्या दिवशी त्यांनी आपल्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, आणलं आणि फक्कीच्या दारात उभं केलं. काकू निघाल्या. सहा पावलं सरळ, चार डावीकडे, मग देवघराच्या जागी हात पुढे. कुठे अडखळल्या नाहीत. पण वाटेत पडलेलं घमेलं त्यांना दिसलं नाही. तात्यांनी धावत जाऊन ते उचललं, तेव्हा मला उमगलं. काकूंची नजर गेली होती. क्वार्टर त्यांना पावलांनी पाठ होतं, म्हणून शेजारी असून मला पत्ता नव्हता. माझी मलाच लाज वाटली.

चुलीपाशी काकू थांबल्या. "इथेही अंधारच असेल ना?"

"हो," तात्या म्हणाले.

"मला चालेल हो. पण भाजी रोज तुम्ही चिरता. तुमच्यासाठी एक खिडकी ठेवा."

तीन महिने कुणाला एक रेघ हलवू न देणारे तात्या खाली बसले. फक्कीवर त्यांनी बोटाने खिडकीची खूण केली. ती वाकडी आली.