अकरा लघुस्वाक्षऱ्या

बायको गेल्यावर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा म्हणतात. कोणी कुंड्या लावतात, कोणी सकाळी फिरायला जातात. मी सोसायटीच्या नोटीसबोर्डावरचं इंग्रजी तपासू लागलो.

याला जबाबदार अरुंधती. ती शाळेत इंग्रजी शिकवायची आणि घरी आल्यावर माझं तपासायची. वाण्याची यादीसुद्धा सुटायची नाही. "पोटॅटोजमध्ये 'ई' असतो हो," असं म्हणून ती यादी माझ्याकडून पुन्हा लिहून घ्यायची (आणि वाणी मराठीसुद्धा जेमतेम वाचायचा). अडीच वर्षांपूर्वी ती गेली. माझ्या चुका तेवढ्याच राहिल्या, त्या काढणारं कोणी राहिलं नाही. मग मी दुसऱ्यांच्या काढू लागलो.

आमची सोसायटी खांदा कॉलनीत. चार मजले, सोळा बिऱ्हाडं आणि एक लिफ्ट (असली तर). चौदा वर्षं सेक्रेटरी एकच, तिसऱ्या मजल्यावरचे इनॉक पेझारकर. माणूस सोन्यासारखा, पण अपॉस्ट्रॉफी दिसला की त्यांना राहवत नाही. कबुतरांना दाणे टाकावेत तसे ते नोटिशीवर अपॉस्ट्रॉफी टाकतात. नोटीस इंग्रजीतच का, हे विचारू नका. बिल्डरने पहिली नोटीस इंग्रजीत लावली होती आणि आमच्याकडे परंपरेला फार मान आहे.

तोवर मी त्या चुका मनातल्या मनात सुधारत असे. पण त्या रविवारी दूध घेऊन येताना खिशात लाल पेन होतं, आणि नव्या नोटिशीत 'मेंबर्स' या साध्या अनेकवचनाच्या मानेवर अपॉस्ट्रॉफी बसला होता. म्हटलं, हा एवढा उडवू आणि घरी जाऊ.

तो उडवला तर शेजारी 'विलिंग'मध्ये एकच 'एल' दिसला. बिचाऱ्याला जोडीदार दिला. 'डिस्कस'नंतरचा 'अबाउट' कापला. एक स्वल्पविराम घातला, दोन काढले. दुधाची पिशवी पायाशी ठेवून मी अकरा दुरुस्त्या केल्या.

इथे माझ्या नोकरीविषयी सांगायला हवं. मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे. आमच्याकडे कागदावर खाडाखोड केली की बाजूला लघुस्वाक्षरी करावी लागते, नाहीतर साहेब फाइल परत पाठवतात. सत्तावीस वर्षांत हाताला अशी सवय झाली आहे की हात काट मारतो आणि मला न विचारता 'प्र. र.' असं लिहून मोकळा होतो. प्र. र. म्हणजे प्रभाकर रणदिवे. त्या नोटिशीवर मी अकरा ठिकाणी होतो.

संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिल्या मजल्यावरच्या देवेशचा मेसेज आला, "काँग्रॅच्युलेशन अंकल." माझ्या दुरुस्त्यांची कोणीतरी दखल घेतली, असं वाटून मला बरं वाटलं. फक्त त्या शब्दाच्या शेवटी 'एस' नव्हता. मी लगेच उत्तर टाकलं, "काँग्रॅच्युलेशन्स. शेवटी एस लागतो."

पाच मिनिटांत चौदा बिऱ्हाडांनी मला 'एस' लावून काँग्रॅच्युलेशन्स पाठवलं. व्याकरणाला एवढा प्रतिसाद मिळालेला मी आयुष्यात पाहिला नव्हता.

रात्रीच्या जेवणाआधी पाय मोकळे करायला खाली उतरलो, तर देवेश स्कूटर लावत होता.

"अंकल, मानलं तुम्हाला. आम्ही सगळे लपून बसलो होतो."

"अरे, त्यात काय. कोणीतरी करायलाच हवं होतं."

"तेच. पण एवढी मोठी जबाबदारी."

"जबाबदारी कसली? दहा मिनिटांचं काम."

देवेशने माझ्याकडे आदराने पाहिलं. "सेक्रेटरीचं काम दहा मिनिटांचं? पेझारकर अंकल तर म्हणतात, दिवस पुरत नाही."

मी बोर्डापाशी गेलो आणि ती नोटीस प्रथमच वाचली. म्हणजे सकाळी प्रत्येक अक्षर पाहिलं होतं, पण अर्थाकडे जायला वेळ झाला नव्हता. लिहिलं होतं की सेक्रेटरींना कन्येच्या बाळंतपणासाठी इस्रायलला जायचं आहे, आणि जे मेंबर त्यांच्या जागी काम करायला विलिंग असतील (दोन एल) त्यांनी याच कागदावर सही करावी.

दुसऱ्या कोणाची सही नव्हती.

मी तसाच तिसऱ्या मजल्यावर गेलो. लिफ्ट बंद होती. तीही आता माझीच, हा विचार जिन्यात आला आणि मी अधिक वेगाने चढू लागलो.

दार पेझारकरांच्या पत्नी एलिशेबावहिनींनी उघडलं. "या भाऊजी, तुमचीच वाट बघत होतो. आधी मलिदा घ्या." पेझारकर बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू; त्यांच्याकडे शुभकार्याला एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात, गोड पोहे, वर खोबरं, सुकामेवा. "आमचं जाणं ठरलं म्हणून केला. तुमच्यामुळे ठरलं."

मी बशी हातात घेतली. (कचेरीत मलिदा खाणे म्हणजे वेगळंच काहीतरी. तो मी सत्तावीस वर्षांत खाल्ला नव्हता. हा खाल्ला आणि तेवढ्यात अडकलो.)

पलंगावर बॅग उघडी होती. तिच्यात बोटभर लांबीचे मोजे आणि लोणच्याची बरणी.

"आमच्या मुलीच्या, तालच्या, पहिल्या बाळंतपणाच्या वेळी तिकीट रद्द केलं होतं," वहिनी म्हणाल्या. "ऐन वेळी पाण्याची मोटर जळली आणि चार्ज घ्यायला कोणी पुढे येईना. नात आता चार वर्षांची आहे. आजोबांना फक्त फोनवर ओळखते."

मी इनॉकना खुणेने गॅलरीत नेलं.

"पेझारकर, त्या सह्या सेक्रेटरीपदासाठी नव्हत्या. मी नुसत्या चुका दुरुस्त केल्या. काट मारली की सही करायची सवय आहे हो मला."

ते गॅलरीच्या कठड्याला टेकले. "मला वाटलं, माणूस किती उत्सुक आहे. एका सहीने भागलं असतं, याने अकरा केल्या." मग म्हणाले, "म्हणजे नोटीस तुम्ही वाचलीच नाहीत?"

"वाचली की. अर्थ सोडून."

"तरी शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचलात. चौदा वर्षांत तुम्ही पहिले." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "हरकत नाही. तिकीट रद्द करता येतं. पुढच्या वेळी जाऊ."

पुढच्या वेळी जाऊ. या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. अरुंधतीला मी ते पुष्कळदा म्हटलं होतं.

"किती दिवसांचा प्रश्न आहे?" मी विचारलं.

"तीन महिने."

"मग जा. आणि चाव्या द्या, मी विचार बदलायच्या आत."

त्यांनी माझा हात धरला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही. मग आत जाऊन टाकीच्या, गच्चीच्या आणि मीटररूमच्या चाव्यांचा जुडगा आणून दिला. एलिशेबावहिनींनी मला आणखी मलिदा वाढला.

पेझारकर गेले आणि आठवड्याभरात टाकी धुवायची वेळ आली. माझी पहिली नोटीस. तीन कच्चे खर्डे केले. दुसऱ्यात अर्धविराम घातला, तिसऱ्यात तो योग्य आहे का हे अरुंधतीच्या व्याकरणाच्या पुस्तकात पाहिलं. नोटीस बोर्डावर लावून दोन पावलं मागे सरलो. खांदा कॉलनीत एवढं निर्दोष इंग्रजी कोणी भिंतीला लावलं नसेल. दिवसभर येता-जाता मी ती वाचत होतो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. अकराच्या सुमारास आंघोळीला बसलो. डोक्याला, तोंडाला, अंगाला साबण लावला आणि नळ सोडला. नळाने एक सुस्कारा टाकला आणि तो थांबला.

टॉवेल गुंडाळून, एक डोळा मिटून मी दार उघडलं. जिन्यात आमचा वॉचमन दादू होता.

"दादू, पाणी गेलं. सगळ्या बिल्डिंगचे हाल होत असतील."

"कोनाचे हाल नाय सायेब. सगल्यांनी काल रातीच बादल्या भरल्या."

मला समाधान वाटलं. "नोटीस वाचून ना?"

"बोर्ड कोन वाचतंय सायेब. पेझारकर सायबांच्या टायमापासून आमी घरोघरी जाऊन सांगतो."

"मग माझ्या घरी का नाही आलास?"

दादूने माझ्या अंगावरच्या फेसाकडे जरा वेळ पाहिलं.

"नोटीस तुमीच लिवलीत ना," तो म्हणाला. "आमाला वाटला, तुमाला तरी म्हाईत आसंल."