दत्ताभाऊंचा बंद फ्रिज

आमच्या अष्टमी गावात दत्ताभाऊ कुणाच्याही घरी गेले, की चपला काढायच्या आधी त्यांचा हात बटणावर जातो. मागोमाग त्यांचा प्रश्न येतो, "कोन बसलंय तिथं?" माणूस नसलेल्या खोलीतला पंखा त्यांना बघवत नाही. आमच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी भर दुपारी मांडवाची रोषणाई बंद केली. वर म्हणाले, "नवरी दिसते हाय की!"

कंपनीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांकडे फ्रिजसुद्धा होता, जावयाने दिलेला. त्यात पेणचे पापड, रेशनकार्ड आणि लग्नात मिळालेल्या टोप्या. जावई कोलाडला पोचल्याचा फोन आला, की भाऊ पापड बाहेर काढून प्लग लावत. जावयाची पाठ वळली, की फ्रिजचं पुन्हा कपाट.

अख्खी आळी हसायची. आम्ही जरा जास्तच, कारण आमचा फ्रिज दोन दारांचा. आमच्याकडे पाहुण्याला आधी एसीत गारठवतात आणि मग अंगावर घ्यायला चादर देतात. याला घरंदाजपणा म्हणतात.

मुलीच्या लग्नानंतर महिन्याभराने भाऊंकडे गेलो, तर पंखा बंद, भाऊ घामाघूम आणि फ्रिज चक्क चालू! ही संधी कोण सोडतो?

"काय भाऊ, कोन बसलंय तिथं?"

"सोमी," भाऊ म्हणाले.

सोमी आम्हा दोघांकडे भांडी घासते. नदीकाठच्या वाडीवर राहते, झोपडीत वीज नाही. तिला मधुमेह आहे, रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. मी फ्रिज उघडला. आत औषधाचा एक डबा, बाकी रिकामा.

"पण तिचा डबा तर आमच्या फ्रिजात असतो!"

"असायचा. लग्नात थंड्याच्या बाटल्यांना जागा पुरंना, म्हनून कुनीतरी भायेर काढला. आठ दिवस शेगडीजवळ व्हता. तेच औषध टोचीत रायली बिचारी. शेवटी माझ्याच पायरीवर चक्कर येऊन पडली."

"मग आम्हाला सांगायचं नाही का तिनं?"

"कसं सांगंल? तुमच्याकडं पावने व्हते ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊंनी माझा घाम पाहिला, उठले आणि बटणाकडे हात नेला.

"पंखा लावू? आज तू पावना हायेस."

"नको," म्हटलं, आणि तसाच बसून राहिलो.