सूर्यफूल संगोपन समितीची सावली

ऊन सर्वांचं असतं, आणि जे सर्वांचं असतं त्याला समिती लागते. हे तत्त्व इमारतीच्या गच्चीवर सिद्ध व्हायच्या आधी शिवणवाल्या मावशींच्या हातात फक्त रंगाचा एक रिकामा डबा होता.

मावशी तळमजल्यावर राहायच्या. तिथे ऊन येत नाही. आलंच तर पत्ता विचारून परत जातं. गल्लीपलीकडे, पूर्वेच्या इमारतीत, गच्चीच्या बरोबर समोरच्या खिडकीशी त्यांची थोरली बहीण पाय प्लास्टरमध्ये घालून पडली होती. तिला दिवसभर समोरची पाण्याची टाकी दिसायची, आणि टाकीबद्दल बोलण्यासारखं होतं ते सगळं तिने बोलून टाकलं होतं. मावशी म्हणाल्या, गच्चीवर सूर्यफूल लावते. ताई म्हणाली, तुझ्या हातून शेवाळंसुद्धा उगवणार नाही. शब्दाने शब्द वाढला आणि पैज लागली: प्लास्टर निघायच्या आत खिडकीतून फुलाचं तोंड दिसलं पाहिजे (पाठ चालणार नाही, हे कलम ताईचं). हरेल तिने जन्मभर दुसरीचा सल्ला ऐकायचा. या दोघींचे सल्ले ज्यांनी ऐकलेत त्यांना पैजेचं गांभीर्य वेगळं सांगायला नको.

मावशींनी डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली, माती भरली, बोटाच्या पेराइतकं खोल बी सरकवलं आणि डबा गच्चीच्या मधोमध भर उन्हात ठेवला. रोप आलं. इथपर्यंत कुणाचंच मार्गदर्शन नसल्यामुळे काम सुरळीत चाललं होतं.

मग ते सोसायटीच्या अध्यक्षांच्या नजरेस पडलं. अध्यक्ष म्हणजे वजनमापांचे निवृत्त निरीक्षक. आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासल्यामुळे, एखादी गोष्ट नुसती ठीक असू शकते यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. सामाईक गच्चीवरचं ऊन एकटंच झाड खातंय, ही बाब त्यांनी सभेपुढे ठेवली. सचिव दंतवैद्य होते. समोरच्याला बोलता येत नसताना प्रश्न विचारायचा आणि होकार धरून चालायचं, हा त्यांचा रोजचा सराव. सूर्यफूल संगोपन समिती एकमताने स्थापन झाली.

समितीने कामाचा धडाका लावला हे मान्य केलं पाहिजे. पाणी घालायला प्रत्येक मजल्याचा एक सदस्य नेमला. रोप बुडायला लागलं तेव्हा या सदस्यांना अडवायला एक उपसमिती नेमली, आणि दोन्ही पक्षांची गाठ पडावी म्हणून वेळ एकच ठेवली. (जिन्यात गर्दी व्हायची, पण डब्यातली माती सुकली.) एका पाहणीत असं आढळलं की सत्तर टक्के सदस्यांना रोपाबद्दल जिव्हाळा आहे, आणि उरलेल्या तीस टक्क्यांना ते कोणतं रोप आहे हे माहीत आहे.

अडचण एकच होती. रोपाला दिवसभर ऊन हवं होतं, आणि उन्हात बसून रोपावर देखरेख करणं सदस्यांना झेपेना. समितीने सुवर्णमध्य काढला. गच्चीच्या मधोमध ताडपत्रीचं छत उभं केलं, त्याखाली खुर्च्या मांडल्या, आणि लक्ष ढळू नये म्हणून डबा खुर्च्यांच्या घोळक्यात आणून ठेवला. आता रोपाला ऊन सोडून सगळं मिळत होतं.

मावशींनी एकदा ताडपत्रीकडे नुसतं बोट दाखवलं. सूचना उत्तम आहे, असं म्हणून सचिवांनी ताडपत्री दुहेरी केली.

रोप फिकट पडलं, लांबुळकं झालं आणि मान ताणून छताबाहेर, गल्लीच्या दिशेने झुकलं. अध्यक्षांनी ओळंबा लावून पाहिला. रोप सभेकडे पाठ फिरवतं, असा शेरा मारून त्यांनी ते काठीला बांधलं. पुढच्या सभेला ते काठीसकट झुकलेलं होतं.

पलीकडच्या खिडकीतून ताईने हाक मारली. "काय गं, रोज माणसं जमतात तुमच्या गच्चीवर. कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," मावशी म्हणाल्या.

प्लास्टर निघायला पंधरवडा उरला होता. कळी धरली होती, पण ती बटणाएवढीच राहिली होती. मशीनवर बसून कुणाची तरी बाही उसवताना मावशींच्या लक्षात आलं की समितीशी उन्हाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. ऊन हा समितीचा विषयच नव्हता.

पुढच्या सभेत त्या उभ्या राहिल्या. "रोप माझंच आहे, पण मलाच लाज वाटते. एवढी मोठी माणसं बसलेली, आणि हे खुशाल पाठ करून उभं. याला सभेतून काढून टाका. पडू दे गल्लीकडच्या कठड्यापाशी, उन्हात."

सभेत समाधान पसरलं. कुणालातरी काढून टाकायची संधी समितीला प्रथमच मिळत होती. ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. अध्यक्षांनी स्वतः डबा उचलून कठड्यापाशी नेला आणि रोपाशी कुणीही संबंध ठेवू नये असं बजावलं. शिक्षेची अंमलबजावणी म्हणून रोज बुडाशी मगभर पाणी ओतायचं अप्रिय काम मावशींनी जड अंतःकरणाने पत्करलं.

बहिष्कार रोपाला मानवला. देठ अंगठ्याएवढा जाड झाला, पानं पंख्यासारखी पसरली, आणि एका सकाळी ताटाएवढं पिवळंधमक फूल उघडलं. तोंड पूर्वेला, थेट ताईच्या खिडकीत.

"दिसलं गं बाई," ताई अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "बोल, काय सल्ला देतेस?"

"आधी चष्मा पूस. मग परत बघ."

ताईने मुकाट्याने चष्मा पुसला. मावशींनी डब्याभोवती एक गिरकी घेतली, मग आणखी एक. (साठीनंतरच्या गिरकीला परवानगी लागते का, हे समितीने तेव्हा ठरवलं नव्हतं. आता लागते.)

शिस्तीमुळे फूल येतं, हा निष्कर्ष समितीने त्याच दिवशी छताखाली बसून काढला. बसल्या जागेवरून सदस्यांना फुलाची हिरवी पाठ तेवढी दिसत होती. पश्चात्ताप झाला की ते आपणहून तोंड फिरवील, असं अध्यक्षांचं मत पडलं. समिती अजून वाट पाहते आहे.

समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. हे वाचताना "एवढं साधं कसं कळत नाही यांना, मी तिथे असतो तर व्यवस्थित लक्ष ठेवलं असतं" असं ज्यांच्या मनात आलं, त्यांची निवड बिनविरोध झाली आहे. येताना खुर्ची आणावी. सावलीची सोय आहे.