विकणे आहे, माणूस पाहून

आमचे शेजारी दामूजी निंबार्ते यांनी आपल्या मोटारीला एक पाटी लटकवली होती. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरांत, 'विकणे आहे. माणूस पाहून.' किंमत लिहिलेली नव्हती. सहा वर्षं ती पाटी तिथं होती आणि सहा वर्षांत तो माणूस काही त्यांना दिसला नव्हता.

मोटार विलायती, फक्त दोघांची. टप मागे घडी करून ठेवायचा, चाकांना सायकलीसारख्या तारा, आणि रंग रोवणीनंतर महिनाभरानं धान दिसतं तसा हिरवा. आमच्या लाखनी गावाच्या रस्त्यानं दिवसभर ट्रक धावतात, पण अशी गाडी नागपूरपासून रायपूरपर्यंत दुसरी नसावी. आणि ती उभी होती माझ्या घराला लागून, तारेच्या कुंपणापलीकडं, दुसऱ्याच्या शेडमध्ये. हे ज्याच्या वाट्याला आलेलं नाही त्यानं मला नावं ठेवू नयेत.

दामूजी नाकाडोंगरीकडं मँगनीजच्या खाणीत फिटर होते. कुठलासा गोरा साहेब जाताना ही गाडी तिथंच टाकून गेला आणि पुढं तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. एकाहत्तर साली दामूजी रिटायर झाले, तेव्हा भंगारात निघालेली ही गाडी त्यांनी मागून घेतली आणि धानाच्या ट्रकवर पोत्यांच्या वर बांधून लाखनीला आणली. बायको आधीच वारली होती, मुलगा भिलाईला नोकरीत. मग हा माणूस जो गाडीखाली शिरला तो आठ वर्षं तिथंच होता. शेजारी म्हणून मला बराच काळ त्यांचे पायच काय ते दिसले.

कधी विचारलं की गाडी केव्हा होणार, तर खालून आवाज यायचा, "घाई कोनाले हाये?" पार्ट मिळत नव्हते, ते त्यांनी कानशीनं घासून घरी बनवले. टपासाठी राइस मिलची ताडपत्री आणून स्वतः शिवली. एकोणऐंशीच्या दिवाळीच्या आधी ती गाडी सुरू झाली, तेव्हा मी दुकानातून धावत घरी आलो. आनंद झाला म्हणून नव्हे. सुरू होऊ नये असं मला फार वाटत होतं.

माझं खत-बियाण्यांचं दुकान बरं चाललं होतं. गावात मान होता. पण गाडीत बसलेले दामूजी दिसले की एसटीतली माणसं खिडकीतून अर्धी बाहेर यायची, आणि माझ्या पोटात दुखायचं. बायको एकदा जेवायला वाढताना म्हणाली, रंग किती छान दिलाय नाही. त्या दिवशी मला भाजी खारट लागली. शेवटी मी जुनी जीप घेतली, दाराशी उभी केली आणि आठवडाभर विनाकारण भोंगा वाजवला. लोकांना वाटलं सरकारी माणूस आला, ते आत जाऊन बसले.

त्यातून धाकट्या भावाचं लग्न निघालं. एकोडीला वरात जायची होती. मी अभिमान गिळून गाडी मागितली. दामूजी बराच वेळ विचार करून म्हणाले, "वरातीत फटाके फुटते. तिले सवय नाही." मी बोलणं टाकलं. पानठेल्यावर चारचौघांत सांगितलं की तो टिनाचा डबा फुकट दिला तरी मी घेणार नाही. दामूजींना हे कळलं असणारच, पण ते रोज सकाळी 'काय भाऊ' म्हणत राहिले आणि मी दुसरीकडं पाहत राहिलो.

दुसरीकडं म्हणजे किती वेळ? त्यांची पाठ वळली की मी परत कुंपणाशी. दात घासायला तिथं, पेपर वाचायला तिथं. माझ्या उभं राहण्यानं तिथलं गवत गेलं होतं.

पाटी वाचून गिऱ्हाइकं यायची. नागपूरचे एक डॉक्टर आले, तुमसरचे एक मिलवाले आले. दामूजी चहा पाजायचे, गाडी दाखवायचे, गिऱ्हाईक आत बसायचं आणि दामूजी नम्रपणे सांगायचे, "तुमाले नाही जमनार." कारण सांगायचे नाहीत. ते मी शोधून काढलं. आमच्याकडं धानाच्या खळ्यात कोणी चपला घालून जात नाही. दामूजी गाडीत बसताना तसेच चपला बाहेर काढायचे. डॉक्टर चकचकीत बूट घालून चढले, तिथंच त्यांचा निकाल लागला होता.

पंच्याऐंशीत दामूजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मुलाची पत्रं येऊ लागली की गाडी काढून टाका. मला झोप लागेना. गाडी तुमसरला गेली तर? मागायला माझं तोंड नव्हतं. म्हणून गोंदियाहून साळ्याला बोलावलं. त्यानं गिऱ्हाईक म्हणून जायचं, गाडी गोंदियाला न्यायची आणि महिन्याभरानं मला 'बक्षीस' द्यायची. त्याला मी दोन दिवस शिकवलं. चपला कुठं काढायच्या, दार कसं अलगद लावायचं, सगळं.

मी कुंपणाआड बसून ऐकत होतो. साळ्यानं चपला काढल्या. दामूजींची मान हलली. मग त्या शहाण्यानं, कोणी सांगितलं नसताना, दोन दिवस कुंपणावरून पाहिलेलं आठवून, गाडीच्या मागे जाऊन बोटाच्या पेरानं पेट्रोलची टाकी दोनदा ठोकली आणि कान लावला. काटा बंद होता, पेट्रोल किती आहे ते दामूजी रोज असंच पाहायचे. बाहेरच्या माणसाला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं.

मग दामूजी कुंपणाकडं तोंड करून म्हणाले, "भाऊ, तुमीच या ना इकडं. पावन्याले कायले तरास देता?"

मी गेलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. साळा चपला घालून चहाच्या निमित्तानं आमच्या घरात पसार झाला. मी खरं ते बोलून टाकलं, की दामूजी, मी जळत होतो तुमच्यावर. पहिल्या दिवसापासून.

"मालूम हाये मले," ते म्हणाले. "बाकीचे एकदा येते, वा वा करते अन् जाते. जळनारा तं रोज येते." हातातल्या फडक्यानं ते उगाच बॉनेट पुसत होते. "मी खाली झोपून राहो, तं तुमचे पाय दिसत मले कुंपनाजवळ. बायको गेल्यावर ह्या घराकडं रोज पाहनारं दुसरं कोन होतं? एखाद्या दिवशी तुमी नाही दिसले, तं माह्यं काम नाही होये."

ती आठ वर्षं मी त्यांचे पाय पाहत होतो आणि ते माझे. दामूजींनी पाटी काढून भिंतीला उलटी टेकवली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी बाहेर काढली. बायको शेजारी बसली होती, नवं लुगडं नेसून. समोरच्या एसटी स्टँडवरची माणसं उभी राहून बघू लागली. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते सगळं त्या क्षणी होतं. वळताना पाहिलं, तर दामूजी कुंपणाशी, दोन्ही हात तारेवर ठेवून, मोतीबिंदूचे डोळे बारीक करून उभे. मी गाडी थांबवली, बायकोला उतरायला सांगितलं आणि त्यांना म्हटलं, चला, बसा.

"नाही," ते म्हणाले. "तुमी चालवा. मी तं आतच राहो नेहमी. ती जातानी कशी दिसते, हे आज पाहून राहिलो मी."

बायकोला पुन्हा बसवून मी गाडी पुढं नेली, तलावाच्या पाळीपर्यंत. सगळा रस्ता माझ्याकडं पाहत होता, आणि मला मात्र त्या कुंपणाशी उभ्या असलेल्या माणसाचाच हेवा वाटत होता.